अंड्यातले हृदय आणि मोबाइलची धास्ती

महोदय,

कोंबडीच्या अंड्यांशेजारी मोबाइल ठेवला आणि भ्रूणाच्या हृदयात दोष आढळले, असे दाखले गरोदर स्त्रियांना सर्रास ऐकवले जातात. असे प्रयोग झालेले आहेत. ते वाचायचे कसे, एवढेच कोणी सांगत नाही.

या कामाला अंडे सोयीचे, कारण हृदय दुसऱ्याच दिवशी धडधडू लागते आणि पुढे माणसासारखेच चार कप्प्यांचे होते. पण उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास धरून ठेवावे लागते. ते दोन-तीन अंशांनी चढून राहिले, तर भ्रूण दगावतात किंवा त्यांच्यात व्यंग येते. कॉल चालू असलेला फोन मुळात स्वतःच तापतो. बंद पेटीत तो अंड्यांना खेटून ठेवला, तर दोष फोनच्या रेडिओलहरींचा की उबेचा? म्हणून तुलनेच्या अंड्यांजवळही तेवढीच ऊब देणारा, पण लहरी न सोडणारा फोन हवा. तापमान पेटीचे नव्हे, अंड्याच्या आतले मोजायला हवे. हृदयाचे काप तपासणाऱ्याला कोणते अंडे कोणत्या गटातले, हे ठाऊक नसावे. यातले एक जरी चुकले, तरी निष्कर्ष लंगडा.

शिवाय अंड्यातला भ्रूण बलकावर तरंगत कवचालगत असतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय मात्र ओटीपोटात खोल, मूत्राशयामागे असते. फोन तासन्‌तास पोटावर ठेवू नये आणि रेंज कमी असताना लांबलचक बोलू नये (तेव्हा फोन जास्त जोर लावतो), एवढी काळजी पुरे. आपल्याकडे २०१२ पासून फोनची एसएआर (शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषते, त्याचे माप) मर्यादा १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो आहे. बऱ्याच फोनवर *#०७# दाबले की आकडा दिसतो.

माणसाच्या गर्भाचे हृदय गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी धडधडते, कप्पे आठव्या आठवड्यापर्यंत पडतात. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईतो काम सुरू झालेले असते. हजारांत सुमारे आठ बाळांत जन्मजात हृदयदोष आढळतो आणि त्यामागच्या काही कारणांचा पुरावा भक्कम आहे : आटोक्यात नसलेला मधुमेह, रुबेला, दारू, फिट्सवरचे व्हाल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन. लहरी अडवणाऱ्या स्टिकरवर पैसे घालवणाऱ्यांनी त्याऐवजी मूल होऊ देण्याआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) तपासावे. रुबेलाची लस राहिली असेल, तर दिवस राहण्यापूर्वी किमान एक महिना ती घ्यावी. फिट्सचे औषध मात्र मनाने बंद करू नये, डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावे. आईला आधीपासून मधुमेह असेल, तर १८ ते २४ आठवड्यांत फीटल इको (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.

— भ्रूणशास्त्राचे दोन अध्यापक