वाहकताई, आधी खिडकी उघडलीत म्हणून

सातारा रस्त्यावरच्या वाहकताईंना,

स. न. वि. वि.

कोरोनाच्या काळात पुण्यात कात्रज ते स्वारगेट या पट्ट्यात तुम्ही तुमच्या बसमध्ये एक क्रम पाळलात. आधी खिडक्या, मग मास्क, मग गर्दीवर मर्यादा, आणि कुणाला बसमध्ये न घेणं अगदी शेवटी. त्या क्रमाबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. बंद जागेतली हवा आणि हवेतून पसरणारे आजार हा आमचा रोजचा विषय. प्रवाशाचं स्वातंत्र्य कमीत कमी दुखावून सगळ्यांची सुरक्षितता कशी राखायची, यावर आमच्यासारखे लोक पानंच्या पानं लिहितात. ते काम तुम्ही खांद्यावर पैशांची बॅग, हातात तिकीट मशीन आणि दारात लोंबकळणारी गर्दी सांभाळत केलंत. पत्र जाहीर लिहितोय, कारण हा क्रम प्रत्येक आगारात पोचावा आणि तो का बरोबर होता तेही कळावं.

खिडकीपासूनच सुरुवात करू, कारण तिनं कुणाचंच काही जात नाही. शांत बसलेला मोठा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बारा मीटर लांबीच्या बसच्या आत धरून चालू की ६० घनमीटर हवा आहे. सगळं बंद करून ४० प्रवासी बसवले, तर या वायूचं प्रमाण दर मिनिटाला सुमारे २०० पीपीएमनं (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) चढतं. बाहेर ते ४२० च्या आसपास असतं. म्हणजे धनकवडीला बस भरली, खिडक्या बंद राहिल्या, की दहा मिनिटांत आकडा २४०० च्या घरात. तेवढ्यानं कुणाला काही होत नाही. पण आपण आत घेतोय त्या श्वासातला किती भाग दुसऱ्याच्या छातीतून आलेला आहे, ते हा आकडा सांगतो. चाळिसातला एक जरी बाधित असला, तरी त्याच्या तोंडून निघालेले बारीक कण त्याच हवेत तरंगत असतात.

चीनच्या झेजियांग प्रांतात जानेवारी २०२० मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. एका धार्मिक कार्यक्रमाला निघालेल्या बसमध्ये ६८ जण होते, त्यातली एकच व्यक्ती बाधित होती. जाऊन-येऊन प्रवास १०० मिनिटांचा, आणि बसची यंत्रणा आतलीच हवा आत फिरवत होती. इतर २३ जणांना लागण झाली, त्यात कितीतरी आसनं लांब बसलेलेही होते. उघडता येणाऱ्या खिडक्यांजवळ आणि दाराजवळ बसलेल्यांत मात्र लागण फारच कमी होती. तीन फुटांचं अंतर पुरत नाही, हवा बदलावी लागते, हे तिथून पक्कं झालं.

आता तुमची पद्धत. पुढून दुसरी आणि मागून दुसरी खिडकी, दोन्ही बाजूंची. प्रत्येक काच वीतभर सरकवलेली, आणि मधल्या खिडक्या ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. चालत्या बसमध्ये पुढच्या आणि मागच्या खिडकीबाहेरचा दाब सारखा नसतो, म्हणून एकीकडून हवा आत येते आणि दुसरीकडून बाहेर पडते. नुसत्या मधल्या खिडक्या उघडल्या तर वारा तिथल्या तिथे घुटमळतो आणि टोकांची हवा शिळीच राहते. १५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच अशा चार फटींपैकी दोन हवा घेतात, दोन सोडतात असं धरा, आणि वेग सेकंदाला अवघा एक मीटर. तरीही तासाला सुमारे ६५० घनमीटर हवा बदलते, म्हणजे अख्खी बस तासाला जवळजवळ ११ वेळा. वीस प्रवासी असतील तर कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आत राहतो. चाळीस झाले की दीड हजारापर्यंत जातो. म्हणून बस भरली की तुम्ही उरलेल्या खिडक्याही उघडायला सांगत होतात. तो आग्रह बरोबर होता.

सिग्नलला हे गणित कोलमडतं. बस उभी राहिली की वारा पडतो आणि दोन मिनिटांत भरलेल्या बसची हवा जड होते. सिग्नलवर दार उघडणं धोक्याचं, लोक उड्या मारतात. त्यामुळे थांब्यावर दोन्ही दारं पूर्ण उघडून, चढ-उतार संपल्यावरही पाच-दहा सेकंद तशीच ठेवून मग डबल बेल देणं, हाच व्यवहार्य उपाय. मागून हॉर्न वाजत असताना ते दहा सेकंद धरून ठेवायला धीर लागतो.

पावसात तर सगळ्यांचीच पंचाईत. पहिला शिंतोडा पडला की खटाखट काचा बंद होतात. तेव्हा छतावरची झडप कामाला येते. तिची मागची कड वर करायची, पुढची खालीच ठेवायची. उघडं तोंड मागे राहिल्यानं चालत्या बसमध्ये पाऊस फारसा आत येत नाही आणि आतली हवा वर ओढली जाते. पुढची कड उचलली तर थेट प्रवाशांच्या डोक्यावर धार. वातानुकूलित ई-बसमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे गार हवा म्हणजे ताजी हवा असा समज होतो. एसीची साधी जाळी धूळ अडवते, विषाणूवाहक बारीक कण तिच्यातून आरामात पार होतात. बाहेरची हवा घेण्याची सोय असेल तर ती चालू ठेवायची, नसेल तर वरच्या छोट्या खिडक्या किलकिल्या ठेवून थोडा गारवा सोडून द्यायचा.

मास्कची पायरी यानंतरची, कारण इथे प्रवाशाला स्वतःच्या अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. स्कार्फ आणि ओढणी तोंडाभोवती गुंडाळणं पुण्याला नवं नाही, दुचाकीवरची धूळ आणि ऊन त्यानं अडतं. पण सुती ओढणीची वीण सैल असते, श्वासातले बारीक कण तिच्यातून आत-बाहेर होतात. राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात तोंडाला बांधलेला रुमाल मास्क धरला जाणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही स्कार्फ सोडायला लावला नाहीत. "आत हा मास्क लावा, वरून स्कार्फ राहू द्या," म्हणालात आणि बॅगेतला तीनपदरी मास्क पुढे केलात. चेहरा झाकून घेण्यामागे एखादीचं स्वतःचं कारण असू शकतं, तेही राहिलं आणि गाळणीही मिळाली.

मास्क नाकाखाली घसरला की त्याचा अर्ध्याहून जास्त उपयोग गेला, कारण गप्प बसलेला माणूस नाकानंच श्वास सोडतो. वरची तार नाकाच्या दांड्यावर दोन बोटांनी दाबून बसवायची, हनुवटीखाली फट राहू द्यायची नाही, कानामागची दोरी सैल असेल तर तिला एक गाठ मारायची. पुढे झडप असलेला एन-९५ घालणाऱ्याचं रक्षण करतो, पण सोडलेला श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर येतो, म्हणून बसमध्ये तो कामाचा नाही. घामानं किंवा पावसानं ओला झालेला मास्क श्वास अडवतो आणि लोक तो खाली ओढतात. अशा वेळी रागावण्यापेक्षा कोरडा मास्क देणं लवकर लागू पडतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नव्हती आणि तुम्हीही ती केली नाहीत. मोबाइलवर मोठ्यानं बोलणाऱ्याला मात्र तुम्ही थांबवत होतात. मोठ्या आवाजात बोलताना शांत श्वासाच्या कितीतरी पट कण बाहेर पडतात, त्यामुळे "जरा हळू बोला" ही विनंतीसुद्धा प्रतिबंधाचाच भाग होती.

३ सप्टेंबर २०२० ला पीएमपी, म्हणजे पुण्याची शहर बससेवा, पुन्हा सर्वांसाठी सुरू झाली ती निम्म्या क्षमतेनं. त्या मर्यादेचा फायदा वरच्या आकड्यांत दिसतोच. पण तिचा भार थांब्यावर उरलेल्या माणसावर पडतो. भरलेली बस पुढे काढताना "मागची किती वेळात येतेय" हे तुम्ही दारातून सांगत होतात. त्यामुळे माणूस दारात घुसायची धडपड करत नाही आणि थांब्यावरची रेटारेटीही कमी होते.

आता सगळ्यात अवघड पायरी, प्रवेश नाकारणं. सहकारनगरला धुण्याभांड्याच्या कामाला निघालेली बाई किंवा ससूनला डायलिसिससाठी निघालेला माणूस, यांच्यासाठी बसमधून उतरवलं जाणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी किंवा उपचारच बुडणं. स्वतःची गाडी असलेल्याला हा निर्बंध जाणवतही नाही. त्याच नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानं सार्वजनिक वाहतुकीसाठी लसीचे दोन्ही डोस आवश्यक ठरवले होते. लस घ्यायलाच हवी होती, तिनं असंख्य जीव वाचवले, याबद्दल आमच्या मनात कसलीही शंका नाही. पण दारात प्रमाणपत्र तपासायला माणशी अर्धा मिनिट धरलं तर ४० जणांना २० मिनिटं लागतात. तोवर लोक दाटीवाटीनं एकमेकांच्या तोंडासमोर उभे. शिवाय ओमायक्रॉन आल्यावर लस घेतलेलेही संसर्ग पसरवू शकतात हे उघड झालं होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी त्या तपासणीची गत होती. थर्मल गनचंही तेच. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवतो, तेव्हा त्याला ताप नसतो. उलट एप्रिलच्या उन्हात थांब्यावर उभ्या असलेल्या धडधाकट माणसाचं कपाळ तापलेलं दाखवतं.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क आहे आणि जनहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तिथेच आहे. सगळा प्रश्न 'वाजवी' कशाला म्हणायचं याचा. २ मे २०२२ ला जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीवर अटी घालू शकतं, पण त्या प्रमाणात असायला हव्यात. लस न घेतलेल्यांवर तेव्हा घातलेले निर्बंध प्रमाणात नाहीत, असंही न्यायालयानं म्हटलं. न्यायालयाची ही कसोटी तुमच्या क्रमाशी ताडून पाहिली तर तंतोतंत जुळते. कमी जाचक उपायानं काम भागत असेल तर जास्त जाचक उपायाला हात घालायचा नाही.

पुण्याला हे शिकण्याचं खास कारण आहे. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात सैनिक घरोघरी शिरले, माणसं तपासली, सामान बाहेर काढलं. रोग अडवण्याचा हेतू होता, पण माणसांची अब्रू मोजणीतच धरलेली नव्हती. लोकांनी रुग्ण लपवले आणि साथ लपवलेल्या घरांतून पसरली. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत या कारवाईचा प्रमुख असलेल्या प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तोवर विश्वास पार संपलेला होता. धाकानं माणूस लपतो, आणि लपलेला रुग्ण साथीला सर्वांत सोयीचा. म्हणून खोकणाऱ्या प्रवाशाकडे बोट दाखवून तुम्ही बसभर ओरडला नाहीत, त्याला उघड्या खिडकीपाशी जागा आणि एक कोरा मास्क दिलात, याचं मोल आम्हाला फार वाटतं. दमा, ॲलर्जी, धूळ, खोकल्याला कारणं कितीतरी असतात.

आगारात रात्री बस धुणाऱ्या मंडळींचेही आभार तुमच्यामार्फत पोचवा. स्पर्शातून हा आजार कमी पसरतो हे नंतर कळलं, तरी दांडे स्वच्छ असणं केव्हाही चांगलंच. फक्त क्रम चुकू नये. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, कारण मळावर ओतलेलं सोडियम हायपोक्लोराइट मळातच संपतं. मग १ टक्क्याचं द्रावण: बाटली ५ टक्क्यांची असेल तर २ लिटर औषधात ८ लिटर पाणी. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि नंतर धातूचे दांडे साध्या पाण्यानं पुसायचे, नाहीतर गंज चढतो. द्रावण रोज ताजं, उन्हात न ठेवलेलं. त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि माणसांवर फवारणी तर मुळीच नको.

चालकदादांच्या मागे लावलेल्या प्लास्टिकच्या पडद्याबद्दलही एक गोष्ट. तो छतापासून खालपर्यंत सलग लावला की आतली हवा कोंडते, आणि रात्री दिव्यांचा उजेड त्यावर चमकून आरसा नीट दिसत नाही. पडद्याच्या वर वीतभर जागा मोकळी आणि चालकाशेजारची खिडकी उघडी, हे दोन्ही हवं. प्रवासी अर्धा-पाऊण तास बसतो, तुम्ही दोघं आठ-आठ तास. धोका सर्वांत जास्त तुम्हालाच होता.

पुढच्या साथीसाठी आमची मागणी अशी: प्रत्येक वाहकाच्या बॅगेत मोफत वाटायला मास्क, गाडीत कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र, आणि प्रमाणपत्र तपासण्याची जबाबदारी वाहकावर नाही असा लेखी आदेश. क्यूआर तिकीट चांगलंच, पण मोबाइल नसलेल्याकडून रोख घेणं बंद होऊ नये.

आणि जाम झालेल्या खिडक्या. तुमच्या निम्म्या शक्तीचा व्यय त्यांनीच केला. ॲल्युमिनियमच्या खाचेत चिखल, तिकिटांचे बोळे आणि गुटख्याची थुंकी साचून घट्ट होते, कडेची फेल्टची पट्टी फुगते आणि काच तिरकी अडकते. कडक ब्रशनं खाच कोरडी साफ करायची, ओल्या फडक्यानं पुसायची, वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा घासायचा. तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून आठवड्यात पुन्हा तीच गत होते. पट्टी फाटली असेल तर बदलायलाच हवी. ज्या गाडीची खिडकी सरकत नाही तिचा नंबर आणि आसन क्रमांक आगाराच्या नोंदवहीत लिहीत राहा, साथ नसतानाही.

आपले कृतज्ञ,
बंद जागेतल्या हवेवर काम करणारे काही पुणेकर