तुझ्या रेझ्युमेत ई-पीक पाहणी कुठंय?

स्टुटगार्ट,
9 नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. आई-अण्णांना नमस्कार सांग.

नोकरीच्या मुलाखतीसाठी केलेला तुझा रेझ्युमे मिळाला. दोन्ही पानं वाचली, पण तू काही त्यात सापडली नाहीस. हार्डवर्किंग, टीम प्लेअर, क्विक लर्नर... हे तर वर्गातल्या प्रत्येकानं लिहिलेलं असणार, तेही एकाच सीनियरच्या फाईलवरून. मला शोधायची होती ती ई-पीक पाहणी. मागच्या वर्षी निम्म्या गावाच्या पिकांची नोंद तू मोबाईलवर, सरकारच्या त्या ॲपमध्ये करून दिलीस ना? शेतात रेंज नाही म्हणून ओटीपीचं काम आदल्या रात्री पारावर बसून उरकायचीस. प्रत्येकाचा गट नंबर आणि फोन नंबर वहीत. सकाळी बांधावर जाऊन फक्त फोटो. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मग रेझ्युमेत का नाही? "दादा, ते गावाकडचं कसं लिहायचं?" असं म्हणशील, मला ठाऊक आहे.

मीही असाच होतो. एप्रिल 2016. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, ते साल. आधी दहा टँकरची गाडी, नंतर पन्नासची, एका खेपेला 25 लाख लिटर. त्याच महिन्यात माझी पुण्यात मुलाखत होती. समोरच्या साहेबांनी पेपरात वाचलेलं, त्यांनी सहज विचारलं, "लातूरला पाणी नाही म्हणे, तुम्ही कसं भागवता?" मी काय बोलावं! "नो प्रॉब्लेम ॲट होम, सर." आणि पाठ करून आणलेलं 'मायसेल्फ'पासूनचं भाषण पुढं चालू. वास्तविक गल्लीतल्या टँकरचे नंबर लावायचं काम माझ्याकडं होतं. कुणाकडं किती माणसं, कुणाच्या किती घागरी, कुणी दोनदा नंबर लावला, सगळं वहीत. भांडणं मिटवली ती वेगळीच. त्या बाईमाणसांपुढं टिकलो, अन् एसीत बसलेल्या तीन माणसांपुढं लाज वाटली. नोकरी गेली ती गेलीच.

आता दोन वर्षं मीच मुलाखती घेणाऱ्यांत बसतोय. माझ्यासमोर एक कागद असतो. येणाऱ्या सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला गुण. "मी मेहनती आहे" याला त्यात गुण द्यायला जागाच नसते. काय अडचण होती, तू स्वतः काय केलंस, शेवटी काय झालं, एवढं सांगितलं की माझा पेन हलतो. आणि "आम्ही केलं, आम्ही केलं" ऐकलं की मी हमखास विचारतो, त्यात तू काय केलंस?

हाच प्रश्न तुला कॉलेजच्या प्रोजेक्टवर येणार. खरं सांग, चौघांत कोड कुणी लिहिला? काहीजण प्रोजेक्ट विकत आणतात, ते मला माहीत आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही दोन प्रश्नांत कळतं. तुमचाही तसाच असेल तर मुलाखतीला अजून तीन आठवडे आहेत. उघड, मोड, स्वतःच्या हातानं पुन्हा उभा कर. जो भाग दुसऱ्यानं केला तो त्यानं केला म्हण, त्यानं गुण जात नाहीत. उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही, पण मी इथून शोधायला सुरुवात करीन" म्हणावं. गप्प बसून वर पंख्याकडं बघू नकोस. मी बघत बसलो होतो.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. वाक्य लहान ठेव आणि सावकाश बोल. इथं माझं जर्मन अजून अडखळतं, तरी काम चालतंय.

पहिली फेरी ऑनलाईन आहे म्हणालीस. गावातून देऊ नकोस, लाईटचा भरवसा नाही. आदल्या दिवशीच लातूरला मावशीकडं जा. लॅपटॉप चार्ज, मोबाईलचा हॉटस्पॉट तयार, उजेड तोंडावर, पाठीमागं नको.

शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय? "नो सर" म्हणून मोकळी होऊ नकोस. पहिले सहा महिने काम काय, शिफ्ट आहे का, रात्री घरी सोडायला गाडी असते का, हे विचार. आकडा ऐकून हुरळू नकोस. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण आकड्यात, बऱ्याचदा कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, हातात येणारा पगार त्याहून कमी. बॉन्ड, म्हणजे अमुक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर सही करण्याआधी अण्णांना आणि मला वाचू दे. मूळ मार्कमेमो कुणी ठेवून घेतो म्हणालं तर द्यायचा नाही. आणि नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठायचं.

इथं पाचलाच अंधार पडतोय. तू पाठवलेली तूरडाळ संपत आली, आईला म्हणावं पुढच्या वेळी काळा मसालाही जास्त दे.

रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करतो. मी ओळखीचा नाही असं समज. इंग्रजीत विचारीन, "गावात ई-पीक पाहणी कशी केलीस?" दोन मिनिटं बोलायचं. वही जवळ ठेव, किती शेतकऱ्यांची खाती झाली तो आकडा मला पाहिजे.

तुझा,
दादा