गल्ल्यातली पट्टी

सांगली
रविवार, दुपार

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की माझ्याच बोटाने कट झाला, हे मला अजून कळलेलं नाही. नंतर तीनदा लावला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहायला बसलेय. कागद जुन्या पावतीबुकाचा आहे, मागची बाजू कोरी असते. अण्णा उद्या पुण्याच्या गाडीत डबा देणार आहेत, त्यात हे घालते. भडंगाला हात लावायच्या आधी वाच, नाहीतर तेलाचे डाग पडतील.

एक आधीच सांगते. या पत्रात मी दुकानाबद्दल लिहिणार आहे, तब्येतीबद्दल नाही. ऑफिसातल्या तपासणीत बीपीचा वरचा आकडा १५० आणि खालचा ९६ निघाला, हे तू हसत सांगितलंस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, आई, मी नोकरी सोडतेय, दुकान मी बघणार. ही युक्ती मला नवी नाही. लाइटबिल थकलंय हे सांगायचं असलं की तुझे बाबा त्याच दमात म्हणायचे, "आवर लवकर, भावे नाट्यमंदिरात आज नाटक आहे." मी पदर खोचून निघायचे आणि बिल राहून जायचं. फसत होते. आता वय झालं, तेवढी फसत नाही. गोळी सुरू केलीस का?

असो. दुकान.

आजोबांच्या वेळी भट्टी आपली होती, तू ती पाहिली नाहीस. भात भिजवायचं, उकडायचं, वाळवायचं, कांडून आणायचं, त्या तांदळाला मिठाचं पाणी लावायचं आणि तापलेल्या वाळूत टाकायचं. टाकल्या टाकल्या फुलतात. लगेच चाळून काढले नाहीत तर करपले. बाबांच्या डाव्या मनगटावरचा डाग त्या वाळूचाच होता. मॅट्रिकला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा गणितात गेले. पण गिऱ्हाईक सात जिनसा सांगून पाकीट काढेपर्यंत यांची बेरीज झालेली असायची, सुट्ट्या पैशांसकट. माझं लग्न झालं तेव्हा भट्टी बंद होत आली होती, धुराची शेजाऱ्यांना कुरकुर होती. मग चिरमुऱ्याची पोती बाहेरून यायला लागली आणि आपण भडंगावर आलो. (तू परवा फोनवर 'चुरमुरे' म्हणालीस. पुण्यात म्हण. इथे फळीवर बसून म्हणालीस तर गिऱ्हाईक हसेल.)

भडंग तुला करता येतं, ते मी शिकवणार नाही. तिखट मात्र कढई उतरवल्यावरच घाल. संक्रांतीला तू जाळावर असतानाच टाकलंस आणि सगळा मारुती रोड ठसकला. मीठ, पिठीसाखर, आणि मग चाखणं. तिथेच माझं घोडं अडतं. प्रत्येक घाण्याला हे चिमूट तोंडात टाकायचे, कधी मूठ. दिवसाला बारा-पंधरा घाणे. सगळं होऊन गेल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की माणसाला दिवसभरात पाच ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे चहाचा एक चमचा. ते समजावत होते आणि मी मनात घाणे मोजत होते.

बघ, आले परत तिथेच.

लोकांना ते का आवडायचे, हे तुला बाहेरून दिसलं. मी गल्ल्याच्या आतल्या बाजूने बघत होते. माप झालं की वर एक मूठ. लहान पोर असलं की दोन. मी एकदा ती मूठ तागडीत घालून बघितली, दहा ग्रॅमच्या आसपास भरली. दिवसाला दोनशे पुड्या धर. म्हणजे दोन किलो भडंग रोज नुसतं मायेत जात होतं. मी हा हिशेब यांच्यापुढे ठेवला तर म्हणाले, "बघ, गणितात तू माझ्याही पुढे." त्यावर काय बोलणार? मार्केट यार्डातले हमाल यायचे, हाताला हळद, पुडीवर पिवळी बोटं उमटायची. त्यांच्या पुडीत न मागता मिरची. चोर गणपती बसले की त्या दिवशीची पहिली पुडी देवाला. चतुर्थीच्या आधी गुपचूप येऊन बसणारा आपला सांगलीचा गणपती, त्याला भडंग चालतं की नाही कोण जाणे. पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, पाच वाजताच फळ्या लागायच्या. त्या दिवशी गावात भावे पदक देतात, आणि हे टाळ्या वाजवायला मागच्या रांगेत. नवा गिऱ्हाईक दिसला की त्याला ऐकवायचं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत. समोरचा पुडी घेऊन चुळबुळतोय, त्याची बस सुटतेय, यांना काय त्याचं.

नाही म्हणता यायचं नाही. उधारीला नाही, वर्गणीला नाही, रात्री साडेदहाला फळी वाजवणाऱ्यालाही नाही. तूही तशीच आहेस, म्हणून तर जीव घाबरा होतो. ऑफिसात दुसऱ्यांची कामं अंगावर घेऊन नऊ-नऊ वाजेपर्यंत बसतेस. जेवण कधी, झोप कधी. आणि तो आकडा आल्यावर तरी

थांबले. चहा घेऊन आले. मघाचं वाक्य अर्धंच राहू दे.

२०१९ चा पूर तुला ठाऊक आहे, पण तू पुण्यात टीव्हीपुढे होतीस. आयर्विन पुलाखाली ४५ फुटांना धोका म्हणतात, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या खुणेवर विसंबून यांनी माल माळ्यावर चढवला होता, पाणी खुणेच्या वर आलं. चिरमुऱ्याची पोती तरंगत मारुती रोडला लागली. अण्णा सांगतात, हे गच्चीवरून त्या पोत्यांना हाका मारत होते, गाई-म्हशींना मारावी तशा. माणसं रडत होती तीही हसली. जे कोरडं राहिलं होतं ते यांनी होडीवाल्यांच्या हातात देऊन टाकलं, पुढच्या गच्च्यांवर वाटायला. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल आणि भिजून आंबलेल्या चिरमुऱ्याचा तो वास. उधारीच्या वहीचा लगदा झाला होता. नंतर कितीतरी जण आपणहून येऊन पैसे देऊन गेले, काहींनी आठवेल तेवढे दिले. ज्याची बाकी सगळ्यात मोठी तो आला नाही. पुढे यांना न्यायच्या वेळी मात्र सगळ्यात मोठ्याने तोच रडला. मी त्याला पाणी दिलं. काय करते.

पण मी सांगत होते ते वेगळंच. त्या पुरात गल्ल्याचा ड्रॉवर गेला आणि ड्रॉवरमध्ये यांच्या गोळ्यांची पट्टी होती. सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती आणि गोळी, असा नेम मीच लावून दिला होता. पुढचे पंधरा दिवस कुठली गोळी अन् कुठलं काय. आणि माणूस ठणठणीत! चिखल उपसतोय, लोकांना धीर देतोय. मग मला म्हणाले, "बघ, गोळीवाचून काय अडलं?" माझंही चुकलं. मी भांडायला हवं होतं. घरात एवढं नुकसान झालेलं, मला वाटलं महिन्याचे तेवढेच पैसे वाचले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुखत नाही, खुपत नाही, हीच त्या आजाराची खोड आहे गं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नसते, गोळीमुळे बरं असतं. हे मला तीन वर्षांनी कळलं.

त्या दिवशी दुकानात तू नव्हतीस, मीही नव्हते. अण्णांनी सांगितलेलं लिहिते, तुला कधी नीट सांगितलं नाही. बाजाराचा दिवस, गर्दी. पुडी बांधताना दोरा हातातून सुटला. परत बांधायला गेले, परत सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द जड झाले. आणि समोरची माणसं हसली. नकला करायचे ना ते, नेहमीच करायचे. कुणीतरी म्हणालं, "वा, आज नवीन!" अण्णांच्या ध्यानात येईपर्यंत किती मिनिटं गेली, त्यांनाही सांगता येत नाही. मिरजेला पोचलो तेव्हा वरचा २२० होता.

दुसऱ्या दिवशी मारुती रोडवरच्या फळ्या दुपारपर्यंत उघडल्या नाहीत. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. आणि रागही आहे. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं, पण त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही, मालक, गोळी घेतली का. तू काल म्हणालीस, "बाबांवरचा राग तू दुकानावर काढतेस." फोनवर मी ओरडले. रात्री पडल्या पडल्या वाटलं, असेल खरं. ओरडले त्याबद्दल मनात ठेवू नकोस.

आता कामाचं. तुला पाकिटं करायची आहेत, शिक्का मारायचा आहे, पुण्या-मुंबईला पाठवायचं आहे. कर. पण सुटे चिरमुरे विकणं वेगळं आणि पाकीट करून नाव छापणं वेगळं. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद चिरमुऱ्यावरही पाच टक्के जीएसटी आहे. फरसाणासारख्या पॅकबंद मालावर बारा होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पाचावर आला, ते तुझ्या पथ्यावर पडेल. अन्नपदार्थांचा परवाना आपल्याकडे आहे, पण यांच्या नावावर. तो बदलायला लागेल. माल माळ्यावर ठेवायचा तो २०१९ च्या खुणेच्या वर, २००५ च्या नाही. २०२१ ला मारुती चौकात परत पाणी आलं तेव्हा मी आणि अण्णांनी दोन दिवस आधीच सगळं वर हलवलं आणि काही भिजलं नाही. हे मी केलं होतं, यांनी नाही. ते म्हणत होते एवढं येणार नाही. सांगून ठेवते.

आणि नोकरी एकदम सोडू नको. बिनपगारी रजा मिळते का विचार. पहाटे पाचला उठायचं, दहा तास उभं राहायचं, त्यात येणारा प्रत्येक जण तुझ्यात बाबांना शोधणार आणि वरची मूठ मागणार. देशील तू. मला माहीत आहे देशील. लेक्चर झालं, कळतंय मला. तुझ्या वयात मला कुणी एवढं सांगितलं असतं तर मी डबा परत पाठवला असता.

एक लिहायचं राहिलं. संक्रांतीला तू फळीवर बसलीस तेव्हा मी आतून बघत होते. पुडी बांधून दोरा तोडायला तू मनगटाला जो झटका दिलास, तो तुला कुणी शिकवला? यांनी शिकवलेला नाही, मला माहीत आहे, तुला ते बसू द्यायचे नाहीत, अभ्यास कर म्हणायचे. हरिपूरचे मामा पुडी घेऊन नुसते उभेच राहिले. मग म्हणाले, "वहिनी, झालं म्हणायचं." मी डोळे पुसले ते तुझ्या तिखटामुळे, असं मी त्यांना सांगितलं.

किल्ली डब्यात घातली नाही, शोधू नकोस. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा हातात देईन, आणि तेव्हा डॉक्टरांचा कागद मला दाखवायचा. गल्ल्याला नवा ड्रॉवर आहे, उजवीकडचा कप्पा रिकामा करून ठेवलाय.

डब्यातल्या भडंगात मीठ कमी आहे. वरून घेऊ नकोस.

तुझी
आई

ता. क. रागात असशील तर फोन नको करू. पण गोळी कुठल्या रंगाची दिलीय, तेवढं मेसेज करून कळव. यांची पांढरी होती, लहानशी.