सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिनेमा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य चित्रपटांवरच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. ते निम्मेच खरे आहे; सिनेमा समाज बदलायलाही कामाला येतो, हे उरलेले निम्मे. त्याचा पुरावा म्हणजे श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’. गोष्ट गावात दुधाची सहकारी संस्था उभी करण्याची. चित्रपट हिंदी, घटना गुजरातमधल्या, पण पटकथा विजय तेंडुलकरांची आणि प्रमुख भूमिकांत स्मिता पाटील.

गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी या चित्रपटासाठी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून त्यांचाच उल्लेख आहे. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, पण हा सिनेमा गावांत कामाला कसा आला, याबद्दल फारसे बोलले जात नाही.

चित्रपटातला डॉ. राव गावात येतो आणि लोकांच्या दुधाचे नमुने तपासतो. खासगी डेअरीवाला मिश्रा जो भाव देतो, तो दुधाच्या कसाला धरून नाही, हे त्यातून उघड होते. त्या काळची फॅट (स्निग्धांश) तपासण्याची रीत अशी: बुटायरोमीटर म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून नळी हलवायची, सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात पाच मिनिटे फिरवायची आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते, स्निग्धांश मोकळा होऊन वर येतो. गोम नमुन्यात असते. कॅन न ढवळता वरचे दूध घेतले तर फॅट जास्त दिसते, तळचे घेतले तर कमी, आणि मापात पाप करायचे असेल त्याला एवढे पुरते. म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के फॅट लागते हे ज्या बाईला कळले, ती नुसत्या लिटरच्या भावावर समाधान मानत नाही.

तेंडुलकरांच्या पटकथेचे मोठेपण मला आणखी एका ठिकाणी दिसते. सहकारी संस्था निघाली आणि सारे गोड झाले, असे त्यांनी दाखवले नाही. संस्थेच्या निवडणुकीत हरलेला सरपंच उलटतो, दलित वस्तीला आपल्याकडे वळवण्यासाठी मिश्रा डाव टाकतो, शहरातून आलेल्यांपैकी एकाच्या वागण्यामुळे गावाचा विश्वास उडतो आणि शेवटी रावची बदली होते. उरतो तो गावातला भोला. संस्था काढणाऱ्या प्रत्येक गावापुढे हीच विघ्ने येणार होती. प्रेक्षकांनी ती पडद्यावर आधीच पाहून ठेवली. प्रचारपटाला हे जमत नाही, कारण त्यात अडचण दाखवायची परवानगीच नसते.

पुढचे श्रेय ‘अमूल’ उभे करणारे डॉ. वर्गीस कुरियन यांचे. चित्रपटगृहांतल्या प्रदर्शनावर न थांबता ‘मंथन’च्या १६ मिमी रुंदीच्या अरुंद फिल्मवर प्रती काढून त्या देशभरच्या गावांत नेल्या गेल्या. १३४ मिनिटांचा हा चित्रपट चित्रपटगृहातल्या ३५ मिमी फिल्मवर १२,००० फुटांच्या वर जातो, १६ मिमीवर ४,८०० फुटांच्या आसपास. रिळे आणि प्रोजेक्टर एका जीपमध्ये मावतात. सिनेमाच्या जोडीला पशुवैद्य, दूध तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकार असे तिघांचे पथक जाई. पडद्यावर जे पाहिले ते करायचे कसे, हे विचारायला समोर माणूस हजर. दुग्धक्रांती एका सिनेमाने केली असे कुणी म्हणू नये, ती दूध संघांच्या अनेक वर्षांच्या कष्टांची आहे. पण गावाचे दार या सिनेमाने उघडले.

‘मंथन’च्या आदल्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला आणि महाराष्ट्रातही घरोघरी संतोषी मातेचे शुक्रवारचे व्रत सुरू झाले. दोन चित्रपटांत काहीच साम्य नाही, परिणामाची वाट मात्र एकच आहे. सोळा शुक्रवार, गूळ-चणे, आंबट वर्ज्य: खर्च नगण्य, भटजी लागत नाही, येत्या शुक्रवारी सुरू करता येते. प्रेक्षकाच्या हाताला लगेच काहीतरी मिळाले. याउलट २०१२ पासून सक्तीची झालेली धूम्रपानाची सूचना पाहा. नायक सिगारेट ओढतो, त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश आहे, आणि खाली कोपऱ्यात बारीक ओळ. डोळा चेहऱ्याकडेच जाणार. ती सवय सोडायची कशी, हे ती ओळ सांगत नाही.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्यातला काही हिस्सा गावोगावच्या खेळांसाठी वेगळा काढावा, ही माझी मागणी आहे. हुंडा, सावकारी, पाणी, शेतकरी आत्महत्या यांवर मराठीत चांगले चित्रपट निघाले, पण ज्यांच्यासाठी काढले त्यांच्या गावात पडदा लागलाच नाही.

असे खेळ नेमके कुठे फसतात, तेही सांगतो. आधी पुढाऱ्यांची भाषणे ठेवली की बायका निघून जातात. भोंगे लावले तर संवाद कळत नाहीत; साधे स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवेत. संध्याकाळचे दूध घालून झाल्यावरच खेळ सुरू करावा आणि साडेदहाच्या आत संपवावा, कारण पहाटे पाचला धारा काढायच्या असतात. जागा शाळेच्या पटांगणाची असावी; चावडीपुढे सगळी वस्ती येत नाही. आणि चर्चा त्याच रात्री घेऊ नये. लोक पेंगुळलेले असतात, बोलणारे तेच ते चार.

‘मंथन’ची प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. सांगली, कोल्हापूर, नगरच्या दूध संघांनी ती मागवून एकेका गावात लावावी. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर एकाच कॅनमधले न ढवळलेले आणि ढवळलेले, असे दोन नमुने सगळ्यांसमोर यंत्रात घालावेत आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत.

आपला,
चित्रपट रसिक मंडळाचा एक कार्यकर्ता, सांगली