व्हॉल्व्ह का लीक होतोय, हे शोधून काढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पर्वतीच्या पायऱ्या चढताना धाप लागते म्हणून माझी आई तुमच्याकडे टू-डी इकोसाठी, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय बघायच्या तपासणीसाठी, आली होती. रोजच्या एवढ्या पेशंटमध्ये ती तुम्हाला आठवेलच असं नाही. आम्ही मात्र तुम्हाला विसरणं शक्य नाही.

आईच्या आधीच्या रिपोर्टमध्ये एवढंच होतं: मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) लीक, मध्यम. कशामुळे लीक, ते नव्हतं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप यायचा, त्यामुळे घरात सगळ्यांनी रुमॅटिकच, म्हणजे त्या सांध्यांच्या तापाने झडप बिघडली असंच, गृहीत धरलं होतं. तुम्ही मॉनिटर आमच्याकडे वळवलात आणि दाखवलंत, की रुमॅटिकमध्ये झडपेचे पडदे जाड होतात, कडांना एकमेकांना चिकटतात, आखडतात. आईचे पडदे मोकळे हलत होते. मागचा पडदा तर प्रत्येक ठोक्याला वरच्या कप्प्यात उलटत होता, कारण त्याला धरून ठेवणारी एक बारीक दोरी तुटली होती.

मग रंगीत डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा इको. उलट जाणारा रक्ताचा झोत पुढच्या बाजूला वळून कप्प्याच्या भिंतीला चिकटून चालला होता. मागचा पडदा उलटला की झोत पुढे जातो. हार्ट अटॅकनंतर तोच पडदा खाली ओढला गेला तर झोत मागे वळतो. नुसत्या दिशेवरून इतकं कळतं! भिंतीला चिकटलेला झोत रंगात आहे त्यापेक्षा लहान दिसतो, म्हणून तुम्ही रंगावर विसंबला नाहीत, मोजमापं घेतलीत. ठोक्याला ६० मिलीलीटर किंवा जास्त रक्त मागे येत असेल तर लीक तीव्र धरतात, आणि आईचं त्याहून जास्त निघालं. बाहेर रांग लागलेली असताना तुम्ही हे सगळं पुन्हा पुन्हा मोजत होता.

बाबांनी भोसरीत आयुष्यभर कास्टिंगमधल्या भेगा ध्वनिलहरींनी तपासल्या. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाचा पहिला इको घेतला, त्याची सुरुवातही माल्मोच्या गोदीतून उसन्या आणलेल्या, धातू तपासायच्या यंत्राने झाली होती. हे तुमच्याकडून कळल्यावर बाबांचा चेहरा उजळला. आईच्या आजारपणात ते पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलले.

कारण कळलं म्हणून पुढचं सगळं बदललं. अन्ननलिकेतून केलेल्या इकोनेही तुमचंच निदान पक्कं केलं. सर्जननी व्हॉल्व्ह बदलला नाही, दुरुस्त केला: तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी आणि भोवती एक रिंग. धातूचा व्हॉल्व्ह बसवला असता तर रक्त पातळ करणारी गोळी आणि त्यासाठीच्या रक्ततपासण्या जन्मभर मागे लागल्या असत्या. हृदयाची ताकद खालावण्याआधी ऑपरेशन झालं, तेही तुम्ही लीक किती आहे ते नेमकं सांगितलंत म्हणून.

आई आता स्वतः मंडईत जाऊन भाजी आणते. पुढचा इको तुमच्याकडेच करायचा, असं तिनं सांगून ठेवलंय. तुमच्या खोलीबाहेर कितीही वेळ थांबावं लागलं तरी चालेल. आत असलेल्या माणसाला तुम्ही पुरेसा वेळ देताय, हे आम्हाला माहीत आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी
सहकारनगर, पुणे