प्रिन्सेस स्ट्रीटच्या काउंटरमागच्या काकांना, हौशी साबणवाल्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रसायनांच्या दुकानात कॉस्टिक सोडा मागायला आलेल्या प्रत्येकाला पुडी बांधायच्या आधी तुम्ही विचारता, "कशाला हवाय?" मोरी तुंबली असेल तर एक माल, साबण करायचा असेल तर दुसरा. उत्तर साबण असेल तर लगेच पुढचा प्रश्न, "घरी वजनकाटा आहे?" नाही म्हटलं की "आधी काटा घ्या, मग या." हे पत्र त्या दोन प्रश्नांचे आभार मानायला आहे, आणि कोणत्या तेलाला किती कॉस्टिक लागतं ते सांगणाऱ्या, कॉस्टिकसोबत तुम्ही फुकट देता त्या एका पानाच्या झेरॉक्सचेही. आम्ही गिरगाव, दादर, मुलुंड, बोरिवलीतली मंडळी. स्वयंपाकघरात अर्ध्या किलोचा घाणा करतो, घरात वापरतो, शेजारी वाटतो. विकत कोणीच नाही. पत्र उघडं लिहितोय, कारण झेरॉक्सवरच्या आकड्यांमागची कारणं तुम्ही तोंडी सांगता, आणि काउंटरवर गर्दी असली की नवख्याच्या कानावर त्यातलं निम्मंच पडतं.

आधी काट्याचं. तेल मापाने घेतलं की साबण बिघडतो, हे तुमचं वाक्य अगदी आकड्यात बसतं. एक लिटरच्या पिशवीत तेल साधारण ९१० ग्रॅम असतं. ते १००० ग्रॅम धरून कॉस्टिक काढलं तर कॉस्टिक जवळजवळ १० टक्के जास्त पडतं. आपण सवलत ठेवतो ५ टक्क्यांची, म्हणजे थोडं तेल मोकळं राहावं म्हणून कॉस्टिक तेवढं मुद्दाम कमी घेतो. हे जास्तीचं कॉस्टिक ती सवलत सगळी खाऊन वर मोकळं कॉस्टिक वडीत उरतं. अशी वडी दिसायला छान पांढरी, कडक आणि ठिसूळ होते, आणि अंगाला लावली की आग होते. तेलाला १ ग्रॅमपर्यंत अचूक काटा पुरतो, कॉस्टिकला ०.१ ग्रॅमचा बरा.

दुसरी चूक कोष्टक वाचण्याची. पुस्तकांत तेलाचा साबणीकरणांक, म्हणजे १ ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती मिलिग्रॅम अल्कली लागते तो आकडा, बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी दिलेला असतो, खोबरेल तेलाला साधारण २५७. घट्ट वडीला लागतं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच आपलं कॉस्टिक, म्हणून त्या आकड्याला १४०३ ने भागायचं. ०.१८३ येतात, म्हणजे १ ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक. भागायचं विसरून पोटॅशचाच आकडा वापरला तर कॉस्टिक ४० टक्के जास्त. तुमच्या झेरॉक्सवर भागाकार करूनच आकडे छापलेत, याबद्दल तुम्हाला कोणी वेगळं धन्यवाद म्हटलं नसेल. आम्ही म्हणतो.

त्या पानावरून बेतलेला, मुंबईच्या हवेत टिकणारा आमचा घाणा असा: खोबरेल २०० ग्रॅम, ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्याचं तेल) १७५, कोकमतेल ७५, एरंडेल ५०. कॉस्टिक अनुक्रमे ३६.६, २३.५, १०.१ आणि ६.४, एकूण ७६.६ ग्रॅम. त्यातून ५ टक्के वजा केले की ७२.८. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, १४५ ग्रॅम. यातून शंभरेक ग्रॅमच्या सात वड्या निघतात.

प्रत्येक तेलाला त्यात काम आहे. खोबरेलाने फेस येतो आणि वडी कडक होते, पण ४० टक्क्यांच्या वर गेलं की कातडी ओढल्यासारखी वाटते. एरंडेल फेस धरून ठेवतं. १० टक्क्यांच्या पुढे वडी चिकट आणि मऊ. कोकमतेल, ज्याला कोकणात भिरंडेल म्हणतात आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं. त्यामुळे पाम तेलाशिवाय वडीला घट्टपणा येतो. बाजारात शिआ आणि कोको बटरचं कौतुक फार. आपल्या दारातलं कोकमतेल त्यांच्या तोडीचं आहे, असं आमचं स्पष्ट मत. खोबरेल घेताना मात्र खाण्याचंच घ्यावं. सुवासिक केशतेलात बऱ्याचदा खनिज तेल मिसळलेलं असतं, आणि खनिज तेलाचा साबण होत नाही. कितीही घोटा, ते तेलच राहतं.

कॉस्टिकच्या डब्याबद्दल तुम्ही सांगता ते जुलैत पटतं. दाणे हवेतला ओलावा ओढून पाझरतात, कार्बन डायऑक्साइड घेऊन वरून पांढरी खपली धरतात, आणि खपली म्हणजे धुण्याचा सोडा. असा माल ७२.८ ग्रॅम तोलला तरी त्यात खरं कॉस्टिक कमी असतं. वडी मऊ पडते आणि लवकर खवट होते. म्हणून छोटी पुडी घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत ठेवून वर ठळक लिहावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही. घरात कोणीतरी तहानेने ती तोंडाला लावतंच. नळ मोकळा करायची तयार पावडर साबणाला चालत नाही, कारण त्यात बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे कण आणि इतर भेसळ असते.

ॲल्युमिनियमवरून भांड्यांचं आलं. मुंबईच्या अर्ध्या स्वयंपाकघरांत जर्मनची पातेली आहेत, आणि कॉस्टिक त्यांना खातं. हायड्रोजन वायू सुटतो, पातेलं काळं पडतं, घाणा वाया जातो. चांगलं स्टील किंवा उकळत्याला टिकणारं पॉलिप्रॉपिलीन वापरावं. काच नको, ती अचानक तडकते. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही. वरून पाणी पडलं तर ते जागीच उकळून उडतं. नीट टाकलं तरी द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीशी उभं राहून, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. आणि तुमची मुंबईकर सूचना: नळाला पाणी असतानाच सुरू करा, नाहीतर शेजारी भरलेली बादली आणि तांब्या ठेवा. कातडीवर उडालं तर निदान १५ मिनिटं वाहतं पाणी. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहायचं आणि थेट रुग्णालय. व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं नाही, त्याने उलट उष्णता वाढते.

पाणी कुठलं, यावर आमच्यात वाद होतात. महापालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, पण किती इमारतींत टाकीत टँकरचं किंवा बोअरचं मिसळतं ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साय धरतं, आणि लोह असेल तर वडीवर पुढे डाग येतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे, तेच बरं. कॅन मात्र वाचून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेलं असतं.

तेलं आणि द्रावण दोन्ही ४० अंशांच्या आसपास आली की मिसळायची. त्याखाली कोकमतेल थिजू लागतं आणि मिश्रण दाट दिसायला लागतं. त्याला ट्रेस, म्हणजे साच्यात ओतण्याइतकं मिश्रण जमल्याची खूण, समजून ओतलं तर साच्यात तेल वेगळं होतं. खरा ट्रेस म्हणजे ब्लेंडर उचलल्यावर पडलेली धार क्षणभर पृष्ठावर दिसत राहते. हँड ब्लेंडर सलग चालवू नये. पाच सेकंद फिरवून बंद करावा, मग तसाच हाताने ढवळावा.

सुगंध घालायचा तो सगळ्या तेलांच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे आपल्या घाण्यात १५ ग्रॅम. लवंग आणि दालचिनीचं तेल तेवढं घातलं तर मिश्रण डोळ्यांदेखत दगड होतं, कातडीलाही ती झोंबतात. चिमूटभर चालतील, किंवा नकोतच. लिंबू-संत्र्याचा वास महिन्यात उडतो. वाळ्याचा टिकतो, आणि उन्हाळ्यात त्याला तोड नाही. व्हॅनिलाने वडी तपकिरी होते. अगरबत्तीसाठी विकतात ती सुगंधी तेलं तुम्ही साबणवाल्यांना देत नाही, हेही बरंच करता.

रंगाची हौस सगळ्यांना हळदीपासून सुरू होते. अल्कलीत हळद लाल होते. कुंकू याच गुणावर बनतं. म्हणून पिवळ्या वडीची आशा धरणाऱ्याला आधी विटकरी घाणा मिळतो, आणि पुढे उजेडात तो रंगही फिका पडतो. गुलाबाच्या पाकळ्या काळपट होतात, कडुनिंबाची हिरवी पूड तपकिरी. मुलतानी माती आहे तशी राहते. अर्ध्या किलो तेलाला एक मोठा चमचा, आधी पाण्यात कालवून. दूध, नारळाचं दूध, मध यांतली साखर घाणा तापवते. मे महिन्यात मध घातलेला साचा टॉवेलात गुंडाळला तर वडी मधोमध फुगून तडकते. मुंबईत मुळात गुंडाळायची गरजच कमी. मध्यभागी गडद गोल आणि कडेला फिकट दिसलं तर घाबरू नये, आतला भाग तापून पारदर्शक झाला आणि कडा थंड राहिल्या, एवढंच. वापराला फरक पडत नाही.

घासायची भांडी लगेच धुऊ नयेत. कच्चं मिश्रण मोरीत गेलं की नळीत थिजतं. एक दिवस तसंच ठेवलं की त्याचाच साबण होतो आणि भांडी त्यातच निघतात.

आता पावसाळा. इथे झेरॉक्सवरचे 'चार ते सहा आठवडे' पुरत नाहीत. साबणीकरण एक-दोन दिवसांत जवळजवळ संपतं. पुढचे आठवडे लागतात ते पाणी उडून वडी घट्ट व्हायला. वडीत ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते हवेतली ओल धरतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वडीला घाम सुटतो. खराब झालेली नसते. पंख्याखाली, प्लास्टिकच्या जाळीवर, वड्यांत बोटभर अंतर ठेवून वाळवाव्यात. लोखंडी जाळी नको, वर्तमानपत्रही नको. दर आठवड्याला एकच ठरावीक वडी तोलावी. आठवड्यात एक ग्रॅमही कमी होईनासं झालं की वडी तयार. पावसात याला आठ आठवडे लागू शकतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला घरचा साबण हवा असेल तर घाणा गणपतीच्या आधी व्हायला हवा, म्हणजे ऐन ओल्या हवेत. त्या घाण्याला पाणी दुप्पटऐवजी १.८ पट, १३० ग्रॅम घ्यावं. त्याहून खाली जाताना एवढं ध्यानात ठेवावं की कॉस्टिकच्या वजनाइतकं तरी पाणी लागतंच, नाहीतर ते नीट विरघळत नाही.

नारिंगी ठिपके आणि जुन्या शेंगदाण्यासारखा वास ही इथली दुसरी तक्रार. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांत लिनोलिक आम्ल भरपूर. दमट उकाड्यात ते हवेने खवट होतं, आणि लोह-तांब्याचा अंश असेल तर आणखी लवकर. म्हणून ही तेलं १५ टक्क्यांच्या आत आणि सवलत ५ टक्क्यांवर. तुम्ही सुचवलेलं लिंबूसत्त्व इथे खरंच कामाला येतं: ५०० ग्रॅम तेलाला ५ ग्रॅम, कॉस्टिक टाकायच्या आधी पाण्यात विरघळवून. ते साधारण ३ ग्रॅम कॉस्टिक खातं, तेवढं वाढवून ७५.८ घ्यायचं. तयार होणारं सोडियम सायट्रेट धातूंचे अंश बांधून ठेवतं आणि कठीण पाण्यातली सायही कमी करतं.

कुणी "हे विकता का?" विचारलं की तुम्ही १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं आणि २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांचं नाव काढता, आणि विकण्यासाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो हे सांगता. ते योग्यच. पण आमच्या दृष्टीने मोठा फायदा वेगळा आहे: ग्राहक नसला की घाई नसते. वडी आठ आठवडे पडून राहू शकते, शंका आलेला घाणा किसून कपड्यांना वापरता येतो, आणि कोकमतेल महागलं म्हणून पाम मिसळायची पाळी येत नाही.

एक विनंती. झेरॉक्सच्या पुढच्या छपाईत कोकमतेलाचा ०.१३५ हा आकडा घाला, तो अजून हाताने लिहून द्यावा लागतो. आणि 'चार ते सहा आठवडे' शेजारी 'जून ते सप्टेंबर आठ' असं टाका.

सोबत दोन वड्या ठेवल्या आहेत, वाळ्याच्या. मार्चमधला घाणा आहे, पूर्ण वाळलेला. खाली भोकं असलेली साबणदाणी वापरा. पाण्यात बसल्या तर आठवड्यात विरघळतील.

तुमचे,
अर्ध्या किलोच्या घाण्याचे हौशी साबणवाले, मुंबई