बाजारगावातलं घर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

घराचे कागद झाले. फोनवरच सांगणार होते, पण बाबा नुसतं ‘बरं’ म्हणून फोन तुझ्याकडे देतात आणि मग तू रडतेस आई, म्हणून लिहिते आहे. बोस्टनच्या उत्तरेला, मेन राज्यातल्या फ्रीपोर्टलाच घेतलं. तेच गाव, ज्याला काका ‘नुसता बाजार’ म्हणाले होते.

रागावू नका. बोस्टनमध्ये एवढ्या पैशात तळमजल्यावर तुमची वेगळी खोली मिळालीच नसती. आमचं दोघांचं काम आता घरूनच चालतं, गरज पडलीच तर बोस्टनची आगगाडी २०१२पासून फ्रीपोर्टपर्यंत येते, आणि पोर्टलँडचं मोठं हॉस्पिटल गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. शिवाय समुद्र. तो नाद तुम्हीच लावलात.

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. ते मेन स्ट्रीटवर, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावर उतरले, पिशव्या भरल्या, निघाले. त्या रस्त्याला जुनी लाकडी घरं आहेत. आत शिरावं तर बूट, जाकिटं, चादरी. मॅकडॉनल्डसुद्धा १८५०च्या सुमाराच्या एका घरात आहे. ते १९८४मध्ये आलं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला होता, म्हणून घर न पाडता आतच दुकान थाटलं. बाबा, तिथून जाताना मला आपली पडवी आठवते. तुम्ही ती दुकानाला दिली नाहीत म्हणून आत्या किती दिवस बोलत नव्हती! इथे घरांचे चेहरे राखले, पण संध्याकाळी तिथल्या खिडक्यांत स्वयंपाकघराचा दिवा क्वचितच दिसतो.

हे झालं एका दुकानामुळे, आणि तो दुकानदार तुम्हाला नक्की आवडला असता. एल. एल. बीन. १९१२मध्ये त्याने खाली रबर आणि वर चामडं असे शिकारीचे बूट टपालाने विकायला काढले. पहिल्या शंभर जोड्यांतल्या नव्वद उसवून परत आल्या. पठ्ठ्याने सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि बूट सुधारला. १९५१पासून ते दुकान रात्रंदिवस उघडं असतं. गिऱ्हाईक असं अष्टौप्रहर येतंय म्हटल्यावर १९८०नंतर मोठ्या कंपन्यांची आउटलेट्स, म्हणजे स्वस्तात माल विकणारी त्यांचीच दुकानं, शेजारी येऊन बसली. त्या कंपन्या देतात त्या भाड्यापुढे रोजच्या गरजेची दुकानं कशी टिकणार? २०२०च्या जनगणनेत गावात माणसं ८,७३७. सुट्टीच्या दिवशी गाड्या बघितल्या तर तालुक्याचं ठिकाण वाटेल.

पण सगळा दोष बाजाराला द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या दुकानांच्या मालमत्ता करातून शाळेलाही पैसा जातो, आणि पिल्लू त्याच शाळेत जाणार आहे. आता तर लोक घरबसल्या मागवतात, त्यामुळे काही काचा रिकाम्या दिसतात, आणि मेन स्ट्रीटच्या आसपास पुन्हा राहती घरं हवीत अशी गावात चर्चा आहे. बाजार येताना विचारून आला नव्हता, जातानाही विचारणार नाही. म्हणून घर मी त्याच्यापासून लांबच बघितलं.

आपलं घर साउथ फ्रीपोर्टच्या अंगाला आहे. तिथे धक्क्यावर लॉबस्टरच्या बोटी लागतात. ओहोटी लागली की चिखलात वाकून शिंपल्या काढणारे दिसतात. त्यांना गावाचा परवाना घ्यावा लागतो. समुद्र तापल्यामुळे हिरवे खेकडे माजलेत आणि कोवळ्या शिंपल्या फस्त करतात. बाबा, तुम्ही त्या लोकांशी तासन्‌तास बोलत बसाल, भाषेची अडचण तुम्हाला कधी आली आहे?

तुमची खोली खालीच, पूर्वेकडे खिडकी. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. आई, ओटा तुझ्या उंचीचा नाही, पण बसून पोळ्या लाटता येतील असं टेबल आणलंय. बाबा, पहाटे तीनला जाग आली की छताकडे बघत पडू नका, मला उठवा. लहानपणी मला झोप यायची नाही तेव्हा तुम्ही खांद्यावर टाकून एसटी स्टँडपर्यंत फिरवून आणायचात. आता मी तुम्हाला बीनच्या दुकानात नेईन, खांद्यावर नाही, गाडीत.

आता मुकाट्याने ऐका. मे महिन्यातच यायचं, जुलै-ऑगस्टला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. विमा मी काढते आहे, वाद नको. आई, सगळ्यांना वाटायला ढीगभर खरेदी करायची नाही. आउटलेटमधला बराचसा माल आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो, तेव्हा ‘निम्मी किंमत’ या पाटीला भुलू नकोस. वर साडेपाच टक्के विक्रीकर. ‘नाही आवडलं तर परत करू’ हेही फार ताणू नकोस, बीननेसुद्धा २०१८पासून परतीला एक वर्षाची मुदत घातली आहे.

आणि बाबा, इथे घर घेतलं म्हणजे तिकडचं विकायचं, असं मनातसुद्धा आणू नका. मी तो विषय काढणार नाही, ताईलाही तसं बजावलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र निघण्याआधी उरकून घ्या. तारीख ठरली की आईने मला कळवायचं, तुम्ही नाही. तुम्ही ‘बघू’ म्हणता.

तुमची,
ठमी